काकांच्या गाडीचं माहेरपण

जगात निर्जीव असं काहीच नाही, हे तोंडानं म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण त्यावर खरोखर भरवसा ठेवून विहिरीवरच्या मोटरपंपाला रोज सकाळी "कशी हाय तब्येत?" असं विचारणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या मामाचा धुरेकरी आहे. मुकुटबनजवळ माझ्या मामाचं वावर आहे, त्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धुरा लागून या काकांचं वावर. आमच्याकडे धुरेकरी म्हटला की भांडण ठरलेलं. वीतभर मातीपायी दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. पण मामाचं आणि काकांचं कधी वाजलं नाही, कारण नांगर धुऱ्याला चुकून लागला की काका खाली वाकून धुऱ्याचीच माफी मागतात. धुऱ्याची माफी मागणाऱ्या माणसाशी भांडण सुरू कुठून करायचं, हे मामाला पन्नाशी उलटली तरी उमगलेलं नाही.

एकदा त्यांच्या विहिरीवरची मोटर बंद पडली. वणीहून आलेल्या मेकॅनिकनं वायंडिंग जळाल्याचं सांगितलं. काकांनी त्याला चहा पाजला, बाजूला बसवला, आणि मोटरीपाशी उकिडवं बसून विचारलं, "कोनी बोललं काय तुले?" मग त्यांना आठवलं की आदल्या दिवशी माझा मामा तिला भंगार म्हणाला होता. मामाला घरून बोलावून आणलं. भर उन्हात, मेकॅनिकच्या देखत, मामानं मोटरीला 'चुकलं' म्हटलं आणि खटका दाबला तर मोटर सुरू. मामा आजही शपथेवर सांगतो की तेवढ्यात लाइट आली होती. मेकॅनिक मात्र चहा अर्धा ठेवून निघून गेला आणि परत कधी त्या वावराकडे फिरकला नाही.

मोबाइल ते कधी पालथा ठेवत नाहीत, त्याचा जीव गुदमरतो म्हणून. स्वतः जेवायच्या आधी त्याला चार्जिंगला लावतात, कारण घरातलं कोणी उपाशी असताना आपण घास घ्यायचा नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. रस्त्यात गायी बसल्या असल्या तर हॉर्न वाजवत नाहीत. खाली उतरतात, जवळ जातात आणि "जरा सरकता काय व माय?" म्हणतात, आणि आश्चर्य असं की गायी सरकतात. काकूंना या सगळ्याचा भारी वैताग होता. त्या रोखठोक बाई. "साऱ्या दुनियेच्या लोखंडाशी बोलते हा मानूस," त्या माझ्या मामीला सांगायच्या, "मले मात्र दोन दिवसातून एकडाव विचारते, भाजीत मीठ जास्त झालं काय म्हून." काकूंना मूलबाळ नव्हतं. आठ वर्षांपूर्वी काकांनी सात सीटांची नवी गाडी घेतली, तेव्हा तांड्याच्या तोंडाशी तिला ओवाळताना काकूंनी तिच्या बॉनेटवर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "ये बाई, घर तुयंच हाय." तेव्हापासून ती गाडी त्या घरची लेक झाली, आणि ही गोष्ट काकांनी सोडा, काकूंनीही कधी चेष्टेवारी नेली नाही.

काका गोर बंजारा समाजाचे. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्या फिरतीला लदेणी म्हणायचे. लदेणीतल्या सगळ्यात पुढच्या बैलाच्या गळ्यात पितळेची घंटी असायची, तिच्या आवाजावर मागचे सगळे बैल चालायचे. ती घंटी तीन पिढ्या घरात खुंटीला टांगलेली होती. गाडी आली आणि काकांनी ती खुंटीवरून काढून गाडीच्या चाबीला अडकवली. पुढं चालणाऱ्याच्या गळ्यात घंटी हवी, एवढं साधं गणित. चांगली मुठीएवढी घंटी, तिच्यासोबत घराची, गोठ्याची, पेटीची अशा सगळ्या चाब्या. गाडी खड्ड्यातून गेली की तो सगळा जुडगा असा वाजायचा की तांड्यातली माणसं दोन शेतं पलीकडून ओळखायची. पोळ्याला गाडी बाहेर काढायची नाही. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात तशी काका गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर कोमट लोणी-हळद चोळतात आणि कानात सांगावं तसं आरशापाशी तोंड नेऊन म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पुरणपोळीचं ताट. माणसांशी काका वऱ्हाडी बोलतात, गाडीशी मात्र हे पोळ्याचं आवतन सोडलं तर गोरबोलीत. मराठी तिला कळते, पण मराठीत बोललं की तिला परकं वाटतं, म्हणे.

आता मी यात कुठून आले ते सांगते. यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत गाड्यांचं एक शोरूम-वर्कशॉप आहे, तिथं मी सर्व्हिसच्या टेबलावर बसते. ग्राहक ओरडतात, मी ऐकून घेते. मी घरी येऊन ओरडते, घरचे ऐकून घेतात. गेल्या उन्हाळ्यात कंपनीकडून यादी आली. एका ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांच्या इग्निशन स्विचमध्ये खोट होती. आतला खटका ढिला. चाबीला जड जुडगा लटकलेला असला आणि धक्का बसला, तर चाबी आपोआप मागे फिरते आणि चालती गाडी बंद पडते. बंद पडली की स्टेअरिंग दगडासारखं होतं, ब्रेकला दोन पायांचा जोर लागतो. असल्या सगळ्या गाड्या बोलावून स्विच फुकट बदलून द्यायचा होता. आम्ही पत्रं पाठवली, फोन केले, आणि दोन महिन्यांत यादीतल्या सगळ्या गाड्यांपुढं बरोबरच्या खुणा झाल्या. एक सोडून. त्या एका मालकानं पहिलं पत्र ठेवून घेतलं, पुढची तीन परत आली, तिन्हींवर पोस्टमनच्या अक्षरात 'घेण्यास नकार'. नाव वाचलं आणि मी कपाळाला हात लावला.

फोन लावला. मी नाव सांगितल्याबरोबर काका खूश. "व माय, मामाले बरं हाय ना?" वगैरे झालं. मग मी पत्राचं काढलं. काका एकदम थंड झाले.

"वाचलं मी पयलंच पत्र. स्विचात खोट हाय, समजलं मले. पन मले एक सांग, लेकीले माहेरी न्यायचं असलं त चिठ्ठीवर नेते काय कोनी?"

"काका, कंपनी म्हणजे काही माहेर नाही हो."

"जलमली कुठं ते? मंग? माहेरचं मानूस आलं पायजे, मुराळी पायजे. दारात उभं राह्यलं पायजे, पानी घेतलं पायजे, मंग 'नेतो' म्हनलं पायजे. पोस्टमनाच्या हाती लेक पाठवत असतात काय?"

मॅनेजर साहेबांना मी हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. साहेब नागपूरचे, त्यांचं लक्ष फक्त यादीकडे. म्हणाले, "मामाचं गाव तिकडंच ना तुमचं? मग जा मुराळी होऊन. पण ती शेवटची खूण करून टाका, बाई." नवीन गाडी देताना फोडायला ठेवलेल्या नारळांतला एक नारळ आणि पेढ्याचा एक डबा घेऊन, शनिवारी सकाळच्या एसटीनं मी वणीला निघाले. सासरी गेलेल्या गाडीची मुराळी. माझ्या लग्नात माझा सख्खा भाऊ एवढ्या सरंजामानं आला नव्हता.

वणीच्या बाजारात काका गाडी घेऊन उभेच होते. शनिवारी ते तांड्यातली माणसं बाजाराला आणतात-नेतात. आजारी, पोटुशी बाई, म्हातारं कोणी असलं की दवाखान्यालाही हीच गाडी. बाजार आटोपून माणसं बसत होती. मागे दाटीवाटीनं आठ जण, दोन पोती, एक बकरी, आणि दवाखान्यात दाखवून आलेली सात महिन्यांची एक पोटुशी सून. मला वाटलं, मी पाहुणी, शहरातून आलेली, आणि पुढची डाव्या बाजूची सीट तर रिकामी. मी तिचं दार उघडायला हात घातला.

"तिथं नाई," मागून एकदम चार-पाच आवाज आले.

त्या सीटवर पाण्याची स्टीलची बाटली होती, एक कापलेलं लिंबू होतं, आणि घडी करून ठेवलेला रुमाल. मी मुकाट्यानं मागे बकरीशेजारी बसले. शेजारच्या बाईनं माझ्या कानाशी लागून सांगितलं, "काकीची जागा हाय ते." काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेल्या.

काकूंना गाडी लागायची. पण रीत अशी की जाताना नाही, येतानाच. जाताना त्या उपाशी असायच्या; वणीत आलूबोंडा आणि तळलेली मिरची खाल्ल्याशिवाय बाजार झाला असं त्यांना वाटायचं नाही, आणि मग अर्ध्या वाटेत, उताराखालच्या नाल्यावर जो रपटा, म्हणजे ठेंगणा पूल आहे, तिथं हमखास पोटात ढवळायचं. तोंड उघडायची सोय नसे. मग काकू नुसता हात काकांच्या मनगटावर ठेवायच्या. काका चाबी फिरवायचे, उतरून वळसा घालून डावं दार उघडायचे, काकू खाली उतरायच्या, मोकळ्या व्हायच्या, चूळ भरायच्या, लिंबू चोखायच्या. काका तोवर दुसरीकडं बघत उभे. मग "चाला आता," की गाडी पुढं. पाच वर्षं, दर शनिवारी, एकाच जागी. त्यांच्या तेरवीचा बाजार करून काका एकटेच येत होते, तर त्या रपट्यावर गाडी आपली आपणच बंद पडली. आणि तेव्हापासून दर शनिवारी पडते. येताना. जाताना कधीच नाही. शेजारच्या बाईनं हे सगळं मला बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगितलं.

मी मनात हसले. मला सगळं कळलं होतं. ढिला खटका, किलोभराची घंटी आणि जुडगा, आणि रपट्याच्या तोंडाशी वणीकडून येतानाच्या बाजूला असणार एखादा खड्डा. आमच्या यादीत लिहिलेलंच होतं ते. मी चांगली आरामात टेकून बसले.

भर बाराची वेळ. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी उपटलेली वावरं, माणूस नाही, पाखरू नाही, डांबरावर नुसतं पाणी तरंगल्यासारखं दिसतं ना तसं ऊन. मागे सगळ्यांचा गलका चालला होता; कोणी भावावरून, कोणी लग्नावरून. उतार लागला आणि काही न सांगता एकेकाचं बोलणं थांबत गेलं. बायांनी पदर डोक्यावरून घेतले. बकरीसुद्धा गप्प झाली. मी खोटं सांगत नाही, तिचं तोंड चालू होतं, तेही थांबलं. धाडकन एक धक्का बसला. घंटी वाजली, एकदाच. आणि इंजिन बंद झालं. गाडी घरंगळत रपट्यावर आली आणि अगदी मधोमध उभी राहिली.

एवढं सगळं मला अपेक्षितच होतं. पण पुढचं नव्हतं. काका उतरले, वळसा घालून आले आणि त्यांनी डावं दार उघडलं. मी त्या सीटच्या अगदी मागे होते. दार उघडल्यावर ती रिकामी गादी हळूहळू वर आली. माणूस उठल्यावर दबलेली गादी उठते तशी. बाटली जागच्या जागी हलली. काका नाल्याकडं पाठ करून, दुसरीकडं बघत उभे राहिले. वाऱ्याची झुळूक नव्हती, आणि तळलेल्या मिरचीचा वास मात्र असा आला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि लगेच अंगावर काटा आला.

तेवढ्यात मागून उतारावर ट्रक दिसला. कोळशाचा, भरलेला. त्यानं हॉर्न दाबला तो सोडेचना. काका धावत येऊन स्टेअरिंगशी झटले, पण ते हलतं कशाला! मागे एकच आरडाओरडा झाला. ट्रकवाल्यानं कसाबसा उजवीकडं काढला. आमच्या आरशाला घासून तो गेला आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर कोळशाची पूड पडली. पोटुशी सून दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती.

मी उतरले आणि मुराळी वगैरे सगळं विसरले. "काका! तुम्हाले काही अक्कल आहे का नाही? या लेकराच्या जिवावर बेतलं असतं आत्ता! काकू गेल्या, काका. खटका ढिला आहे, त्यानं थांबते गाडी. खटक्यानं!" माझा आवाज त्या उन्हात मलाच फार मोठा वाटला. मागचे सगळे माझ्याकडं असे बघत होते की जणू मी कोणाच्या तोंडावर वाईट बोलले.

काका रागावले नाहीत. त्यांनी त्या सुनेकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तिले विचारतो." डाव्या दाराशी गेले, वाकले, गोरबोलीत हळूहळू काहीतरी बोलले. मध्ये थांबले, ऐकल्यासारखं केलं, मान हलवली. दार लावताना त्यांनी ते आपटलं नाही, दोन बोटांनी दाबून लावलं. परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"बदलून टाक म्हनते," ते म्हणाले. "मले आता मळमळत नाई म्हनते." मग थोड्या वेळानं, चाबी लावता लावता, नुसते माझ्यासाठी म्हणाले, "खोटं बोलून राह्यली. मले वाईट नाई वाटलं पायजे म्हून."

तांड्यात पोचल्यावर मी रीतसर दारात उभी राहिले, पाणी घेतलं, गाडीपुढं नारळ फोडला, पेढे वाटले आणि म्हटलं, "लेकीले माहेरी नेतो." हे म्हणताना मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

सोमवारी काका गाडी घेऊन लोहाऱ्याला आले. स्विच काढताना ते स्टेअरिंगवर हात ठेवून उभे होते, दवाखान्यात लेकराचा हात धरतात तसे. आमचे फोरमन म्हणजे तीस वर्षं हातात पाना घेतलेला माणूस, देवालासुद्धा गॅरंटी कार्ड विचारणारा. त्यांनी जुना स्विच काढला, शिकंज्यात पकडला, गंमत म्हणून त्यात चाबी घातली आणि ती घंटी, तो सगळा जुडगा लटकवून हातोडीनं ठोकून बघितला. खटका हलेना. दहा वेळा ठोकला, वीस वेळा ठोकला. शेवटी पूर्ण अंगाचा जोर लावून हलवला. चाबी जागची हलली नाही.

"मॅडम," फोरमन कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "खोट त बाकीच्या गाड्यांत होती. हा स्विच एकदम चांगला हाय. गाडी थांबत कायच्यानं होती?"

काका समोरच उभे होते. मी फोरमनांना डोळ्यांनी दाबलं. यादीत गाडीचा नंबर आहे तर स्विच बदलायचा, असा नियम आहे. मी नियमावर बोट ठेवलं आणि नवीन बसवायला सांगितला. जुना स्विच कंपनीला परत पाठवावा लागतो, तेव्हा तो मी डब्यात घातला, चिकटपट्टी लावली. काकांनी तो घरी मागितला नाही. फक्त एवढंच म्हणाले, "गाडीत पुढच्या बाजूनं ठेवा म्हना तो डबा. मांगं ठेवला का तिले मळमळ होते." मी कुरिअरच्या पोऱ्याला ते सांगितलं, त्यानं माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं, आणि तरीही मी उभं राहून डबा पुढच्या सीटवर ठेवून घेतला. वर्कशॉपमध्ये माझी जी काही इज्जत होती ती त्या दिवशी संपली.

घंटी आता चाबीला अडकवायची नव्हती. मी ती काकांच्या समोर आरशाला बांधून दिली. "आता चाबीले काही लटकवायचं नाही, काका." काकांनी मान हलवली. संध्याकाळच्या आत घरी पोचावं म्हणून ते घाई करत होते. तेवढ्या लांब, नव्या स्विचच्या गाडीत, त्या माणसाला एकटं पाठवायला माझं मन घेईना. साहेबांना म्हटलं, रोड टेस्ट करून येते, मामाकडं राहते. गाडीशी आले तर काकांनी डावं दार उघडून धरलं होतं. बाटली, लिंबू, रुमाल मागच्या सीटवर गेले होते.

"पुढं बस," ते म्हणाले. "आता जागा रिकामीच हाय."

वणीपर्यंत आम्ही मामाच्या तुरीबद्दल बोललो, माझ्या पोराच्या परीक्षेबद्दल बोललो. वणीत मी काही खाल्लं नाही, उन्हानं खायची वासनाच नव्हती. मग उतार आला. काकांनी बोलणं थांबवलं, मीही थांबवलं. त्यांच्या दोन्ही मुठी स्टेअरिंगवर आवळलेल्या, नजर सरळ समोर. धाडकन खड्डा आला. आरशाला बांधलेली घंटी वाजली. आणि गाडी थांबली नाही. छान चालत राहिली. इंजिनाचा आवाज एवढा साफ होता की मी त्याच कामातली आहे म्हणून मला अभिमान वाटायला हवा होता, आणि मी काकांकडं पाहिलं तर त्यांची हनुवटी थरथरत होती. रपटा मागे चालला. घंटी थांबेचना, हलून हलून वाजत होती. थांबायला आता काही कारणच उरलं नव्हतं, आणि विनाकारण थांबणं म्हणजे तिच्या शब्दावर विश्वास नाही असं झालं असतं.

माझा हात त्यांच्या मनगटावर गेला.

मीच ठेवला असणार. माझाच हात होता, बांगड्या माझ्याच होत्या. पण ठेवायचं मी ठरवलं नव्हतं, आणि त्या उन्हात, जिथं दाराचा पत्रा हाताला चटके देत होता, तो हात मला स्वतःलाच विहिरीच्या पाण्यासारखा थंड लागला. पोटात एकदम ढवळून आलं. मी, जी एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून अर्धा विदर्भ फिरले आणि जिला आयुष्यात कधी गाडी लागली नाही, ती मी तोंड उघडू शकले नाही. जिभेवर तळलेल्या मिरचीची चव होती.

काकांनी मनगटाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही. डावीकडचा लाइट लावला, गाडी हळूच रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्वतःच्या हातानं चाबी फिरवली. उतरले, वळसा घालून आले, दार उघडलं, आणि नाल्याकडं पाठ करून दुसरीकडं बघत उभे राहिले. मी रपट्याच्या कडेला बसून मोकळी झाले. त्यांनी न बघताच बाटली पुढं केली, मग लिंबू. तो रुमाल मी हातात घेतला तेव्हा मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं, आणि ते नेमकं कोणासाठी आलं हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

"बरं वाटते?" बऱ्याच वेळानं काकांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी दार दोन बोटांनी दाबून लावलं.

महिन्यानं सर्व्हिसचा नेहमीचा फोन करावा लागतो. फॉर्मवरचे प्रश्न ठरलेले असतात. मी काकांना विचारलं, "गाडी वाटेत आपोआप बंद पडते का?"

"नाई बाप्पा. आपोआप नाई. मी करतो. शनिवारी, येतानी. डावीकडं घेऊन, लाइट लावून, तू संगं होती तवा केलं तसं. मांगून ट्रक आला त निघून जाते बिचारा."

"काही तक्रार?"

"कायची तक्रार! माहेरून चांगली सुधरून आली लेक."

मी 'तक्रार नाही'वर खूण केली. फोन ठेवायला हवा होता. टेबलापाशी दोन ग्राहक खोळंबले होते, त्यातला एक घड्याळाकडं बघून सुस्कारे सोडत होता. पण मी रिसिव्हरवर हात आडवा धरला आणि हळूच विचारलं, "काका, काकूले बरं आहे ना?"

पलीकडून घंटीचा आवाज आला, एकदाच. गाडीत बसून बोलत असावेत.

"बरी हाय," काका म्हणाले. "तुलेच विचारून राह्यली. पोरीची मळमळ गेली काय म्हने."

"गेली म्हणा," मी म्हटलं. "आणि येत्या शनिवारी येते म्हणावं, मागं बसीन."